शेजारच्या खोलीतला हुकूमशहा

३ जुलै ८३, रविवार
मंडळाची मीटिंग आमच्याच खोलीत. का? तर सेक्रेटरी माझा नवरा. चहा कोण करणार? सेक्रेटरीची बायको.

दहिसरच्या झाडून सगळ्या मंडळांनी यंदा गणपतीला वर्ल्ड कपचा देखावा धरलाय. नदीपलीकडच्यांनी थर्माकोलचा कप कापायलाही घेतला. आपण काय वेगळं करायचं, यावर नुसता कालवा. मग व. उठला. (माझा वसंत. इथे व.च पुरे.) कुठल्याशा मासिकात वाचलंय त्याने. जर्मनीचा तो मिशीवाला हुकूमशहा लढाईच्या शेवटी मेलाच नाही. तळघरात जळालं ते प्रेत भलत्याच कुणाचं, हा पाणबुडीत बसून पसार. कुणी म्हणतं दक्षिण अमेरिकेत गुरं पाळतो, कुणी म्हणतं मठात लपलाय.

"जिवंत देखावा करू. नाव द्यायचं, 'तो कुठे आहे?'"
मी म्हटलं, "बाप्पासमोर राक्षस बसवणार?"
"महिषासुर चालतो ना? मग हा का नाही?"
सगळे खो खो हसले. पास.

खरं लिहायचं तर मलाही बरं वाटलं. संपात गिरणी बंद पडल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. आज उभं राहून, हातवारे करून बोलत होता. बघतच राहिले.

१० जुलै, रविवार
हुकूमशहा शोधणं चालू. वयस्कर हवा, शिडशिडीत हवा, दहा दिवस रोज संध्याकाळी मोकळा हवा. असा माणूस चाळीत एकच, आणि तो आमच्या दारातच बसलेला. मोरेकाका.

काका कोपऱ्यातल्या खोलीत एकटे असतात. बोरिवलीच्या एका कारखान्यात वॉचमन होते, आता घरीच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, त्यांच्याकडे ना कुणी येत ना ते कुठे जात. नाशिककडचे, घाटावरचे. गाव विचारलं की "आता कोण आहे तिथे" म्हणतात, संपलं. रोज दुपारी सासूबाईंना पेपर वाचून दाखवतात. आई तळकोकणातल्या, त्यांना वाचता येत नाही. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं ऐकतात, मधेमधे मेलेल्यांची खोड काढतात.

व.ने विचारलं. काका हसले, मान हलवली. "मला नको रे बाबा त्यात."

१४ जुलै
निवेदन लिहिलं. दरवर्षी मीच लिहिते, मीच बोलते. आवाजावरच पोट आहे आपलं. अंधेरीला कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर दिवसभर "हॅलो" करते, तेवढाच तो आवाज बाप्पाच्या सेवेला.

झकास जमलंय. उतरवून ठेवते:

"पाणबुडी समुद्राच्या पोटातून निघाली. समुद्र संपतो तिथे किनारा लागतो. कुठला किनारा? कोण जाणे, गोराईची खाडीही असेल. कुठल्या नावाने राहत असेल तो? शेजाऱ्यांना काय सांगत असेल? घरच्यांनी त्याचं बारावं-तेरावं केव्हाच उरकलं, आणि हा मात्र आरामात चहाचे घोट घेतोय. नीट बघा मंडळी. तो तुमच्या शेजारच्या खोलीत तर नाही ना?"

व. म्हणाला, "नलू, तू रेडिओवर पाहिजे होतीस." लग्नाला इतकी वर्षं झाली, तेव्हा कुठे एक कौतुक. घ्या.

२४ जुलै, रविवार
व. पुन्हा पडून राहायला लागलाय. काका नाही तर देखावा नाही, म्हणतो. दुसरा कुणी चालत नाही, पावडर फासलेली पोरं काय म्हातारी दिसणार.

म्हणून मीच गेले. काकांच्या खोलीत स्टोव्हवर भात होता. म्हटलं, "काका, माझ्यासाठी करा. तो जरा माणसात आलाय हो."
झाकण काढून भात ढवळला. मग, "मिशी काढावी लागेल?"
त्यांची मिशी म्हणजे गालभर पसरलेली, झुपकेदार. ओठ कधी दिसलेच नाहीत आम्हाला.
"मधली ठेवायची, कडेची काढायची. परत वाढेल की!"
"तू म्हणतेस म्हणून," म्हणाले.

पोळ्या लाटताना गाणं गुणगुणत होते मी. आईंनी विचारलं, काय गो, इतका काय झाला?

१४ ऑगस्ट
पहिली तालीम. बांबू आणि तागाच्या कापडाची खोपटी, आत खाट, टेबल, कंदील. काकांनी एक शब्द बोलायचा नाही. टेप वाजेल, त्यांनी खाटेवर बसून ऐकायचं, दचकायचं, खिडकीतून बाहेर डोकवायचं.

व. सांगत होता, काका, तो असा ताठ बसायचा. काका म्हणाले, "माहीत आहे. लढाईत होतो मी. इटलीत."
इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा.
"काका! सांगितलं नाहीत कधी?"
"त्यात काय सांगायचं."
व.ने लगेच पकडलं. मग तुम्हीच सांगा, तो जिवंत असेल की नाही?
"नसेल. त्याला नाही जमणार. रोज उठून दुसऱ्याच नावाला ओ द्यायची, कठीण असतं ते." एवढं बोलून खाटेची दोरी ओढून बघायला लागले. आणि आम्ही काय करावं? टाळ्या वाजवल्या. काय डायलॉग, म्हणे!

२८ ऑगस्ट, रविवार
टेप झाली. व.च्या मित्राचा टेपरेकॉर्डर, मागे समुद्राचा आवाज आणि व्हायोलिन. तीनदा चुकलं. एकदा कुकर वाजला, एकदा वरच्या मजल्यावर भांडण. शेवटी जमलं.

काकांना ऐकवली. ऐकून झाल्यावर मला एका बाजूला घेतलं. "ते एक वाक्य काढशील का गं? बाराव्याचं."
"का हो?"
"बरं नाही वाटत."
म्हटलं, "अहो, जर्मनीत कसलं आलंय बारावं? गंमत आहे ती. आणि तिथेच लोक हसतात."
व.ला विचारलं तर तो भडकला. सगळं पहिल्यापासून करावं लागेल, मित्राने रेकॉर्डर परत नेला, तुम्हाला काय जातंय काढा म्हणायला. मला त्याचं ते तोंड पुन्हा पडलेलं बघायचं नव्हतं. काकांना सांगितलं, जमत नाहीये.
"बरं," म्हणाले.

९ सप्टेंबर, शुक्रवार
उद्या गणपती. आज मिशी काढली. न्हावी दारातच बसला, पोरंबाळं गोळा.

मिशीखालून एक व्रण निघाला. वरच्या ओठापासून डाव्या गालात शिरलेला, जुना, पांढुरका. चेहराच वेगळा. मी आरसा धरला होता. काकांनी बघितलं आणि आरसा उलटा केला.

व. खूश. "एकदम खतरनाक दिसताय काका!" आई मात्र पदर तोंडाला लावून बघत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "तेका बैलान शिंग मारललो असतला. आमच्याकडे किती जणांक असतत असे."
"त्यांच्या नाशकाकडे पण बैल असतात, आई."
"खयचो नाशिक? तो घाटावरचो न्हय."
"म्हणजे?"
"तेका पेज पिताना बघलंस कधी? आधी मीठ, मगे लोणच्याचो खार. भाषा लपवतलो, पेज पिवची रीत लपवतलो काय?"
"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"
"तो लपवता, तर काय तरी कारण असतला. मी कित्या इचारू?"

नुसता विचार करतेय. आईंना इतकं कळतं आणि मला नाही. उद्याची फुलं, दुर्वा, मोदकांचं पीठ, हजार कामं.

११ सप्टेंबर, रविवार
गर्दी! चेकनाक्याकडून माणसं येतायत. वर्ल्ड कप बघून बघून कंटाळलेत लोक. काका असे करतात की अंगावर काटा येतो. "शेजारच्या खोलीत" म्हटलं की हळूच उठतात, खिडकीचं फडकं बोटाने बाजूला करतात आणि बाहेर बघतात. पोरं किंचाळतात, बाया हसतात. एक म्हातारी नमस्कार करून गेली, तिला वाटलं कुणी संत आहे.

रांगेत वाद. एक म्हणतो पाणबुडीत बसला ते खरं, दुसरा म्हणतो नव्वदीच्या पुढे असेल आता, कसला जिवंत. पेढे वाटले, व.ने मला पण दिला. मंडपात, सगळ्यांसमोर, हाताने.

१३ सप्टेंबर
पेपरात फोटो! अख्खा चेहरा, कंदिलाच्या उजेडात, व्रणसुद्धा. खाली आमच्या चाळीचं नाव, दहिसर. व.ने स्टॉलवरचे सगळे पेपर उचलले. चाळीतली पोरं काकांच्या मागे "हुकूमशहा, हुकूमशहा" करत फिरतात.

दुपारी आई म्हणाल्या, वाच रे, तुझाच आसा. काकांनी घडी घातली आणि राशीभविष्य वाचलं.

१६ सप्टेंबर
आज मुद्दाम खोपटीच्या मागे उभी राहिले. माझाच आवाज, कर्ण्यातून. "घरच्यांनी त्याचं बारावं-तेरावं केव्हाच उरकलं..." बाहेर लोक हसले, दरवेळी हसतात तसे. आत काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हे बसवलेलं नव्हतं. टेप संपली तरी वळले नाहीत. बाहेर टाळ्या. "काय अ‍ॅक्टिंग आहे बॉस!"

दिवसातून कितीदा वाजते ही टेप. मीच त्यांना विचारतेय, कुठल्या नावाने राहता, शेजाऱ्यांना काय सांगता. एवढं साधं वाक्य काढ म्हणाले होते. काय बिघडलं असतं? पुन्हा केली असती टेप. कुकर बंद ठेवला असता. मला माझ्या आवाजाची शिसारी आली आज.

नंतर पाणी दिलं. "काका, बरं नाही का?"
"बरा आहे." मग, "हे पेपर गावांकडे जातात का गं?"
"कुठल्या गावांकडे?"
आई मागून म्हणाल्या, "आमच्याकडे एस्टीन जातत. दुसऱ्या दिवशी."
काकांनी आईंकडे बघितलं. आईंनी काकांकडे. मी पेला घेऊन आत आले.

२२ सप्टेंबर
काल विसर्जन. काका नदीवर आले नाहीत. देखाव्याला बक्षीस मिळालं, ढाल आमच्या टीव्हीवर ठेवलीय. व. आत्तापासून पुढच्या वर्षीचं बोलतोय. मी हो हो करते.

आजपासून पितृपक्ष. काका दार लावून आहेत. दुपारी वाचायला आले नाहीत. आई दारात पेपर मांडीवर घेऊन बसून होत्या.

२५ सप्टेंबर, रविवार
लिहायचं कसं हेच कळत नाही.

सकाळी एक बाई आली. चाळिशीची, हातात पिशवी, बरोबर नवरा. चुरगळलेलं पेपराचं पान दाखवलं, त्याला साखरेचे कण चिकटलेले. "हे खय रवतत?" मी नळावर होते. आणि मी, दिवसभर लोकांना जोडून देणं हाच धंदा असलेली मी, हात करून सांगितलं, ती काय, कोपऱ्यातली खोली.

दार उघडंच. काका नव्हते. ट्रंक होती, स्टोव्ह होता, दोरीवर धोतर होतं. कुणी म्हणालं, आत्ताच संडासाकडे दिसले. कुणी म्हणालं, मागच्या भिंतीवरून नदीकडे उतरले. तिने नळावर विचारलं तेव्हा खिडकीचं फडकं हललं असेल का? मला बघायला पाहिजे होतं. देखाव्यात रोज बघत होते.

बाई आमच्याकडे बसली. शेवंता नाव, कणकवलीच्या पुढचं गाव. तिची आई परवा दुकानातून साखर घेऊन आली. पुडी सोडली, कागद सरळ केला आणि तिथेच बसली. "ह्यो माझो घोव" म्हणाली, हा माझा नवरा. ओठाचा तो दाग. न्हाव्याने मिशी काढली नसती तर त्या माउलीलाही ओळखता आला नसता.

काकांचं खरं नाव सखाराम. लढाईवर गेले तेव्हा शेवंता पोटात होती. मग सरकारी कागद आला, बेपत्ता. वर्षं गेली, गावाने बारावं-तेरावं केलं. त्यानंतर वडीलधाऱ्यांनी तिच्या आईचा पाट धाकट्या दिराशी लावला. विधवेचं असं दुसरं लग्न त्यांच्यात चालतं. दीर चांगला होता, शेवंताला पोटच्या पोरीसारखी वाढवली.

लढाई संपल्यावर गावचा एक माणूस मुंबईहून येऊन सांगत होता, सखारामसारखा कुणीतरी भाऊच्या धक्क्यावर भेटला. बोटीचं तिकीट हातात होतं. घरची खबर विचारली, ह्याने सगळी सांगितली. तो बोटीत चढलाच नाही. कुणी विश्वास ठेवला, कुणी नाही. मग कुणाला नाशकात दिसला, कुणाला पुण्यात. तिची आई काही बोलायची नाही, पण मुंबईची बोट लागली की दारात येऊन उभी राहायची.

सगळं जग त्या मिशीवाल्याला हुडकतंय, मासिकं भरभरून लिहितायत. आणि आमचे काका भावाचा संसार मोडू नये म्हणून इतकी वर्षं मेलेले राहिले, त्यांना त्याची मिशी लावून आम्ही खाटेवर बसवलं. मीच बसवलं.

सगळ्यात वाईट पुढे. धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला. आता कुणाचं काही मोडणार नाही. आणि काकांना हे माहीतच नाही. ते अजून भावासाठी पळतायत.

२६ सप्टेंबर
शेवंता नवऱ्यासह काकांच्या खोलीतच राहिली. सकाळी मला म्हणाली, "ताई, ती टेप ऐकूची होती. माझो बापूस काय ऐकी, ता."
नको म्हणायला तोंड कुठे होतं. व.ने मित्राकडून रेकॉर्डर आणला. तिने ऐकली. बाराव्याच्या वाक्याला मान खाली घातली, हसली नाही, रडली नाही. "आवाज चांगलो आसा तुमचो," म्हणाली. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

निघताना सांगितलं ते हे. दरवर्षी पितृपक्षात ते सखारामच्या नावाने पान वाढतात. तिथी ठाऊक नाही म्हणून सर्वपित्रीला. यंदा तिची आई अडून बसलीय. जित्या माणसाचं पान वाढू कशी? आणि नाही वाढलं, आणि तो सखाराम नसलाच, तर उपाशी ठेवल्यासारखं. "सर्वपित्रीपर्यंत काय ता कळाक व्हया." माझा ऑफिसचा नंबर लिहून घेतला. गावच्या पोस्टातून फोन करेन म्हणाली.

ती गेल्यावर ते वाक्य पुसलं. टेपवर आता तिथे नुसती खरखर आहे. व. बघत होता. ढाल त्यानेच टीव्हीवरून काढून माळ्यावर टाकली.

२९ सप्टेंबर
रोजची मासेवाली म्हणाली, "तुमचा तो जर्मनीवाला आमच्या गोराईला दिसला. मिशी वाढतेय." जेट्टीजवळ कुणाची तरी जाळी विणून देतो म्हणे. तिला वाटलं मी हसेन.

व. एका पायावर तयार. रिक्षावर कर्णा बांधतो, तू बोल, खाडीच्या या काठावरून त्या काठापर्यंत ऐकू जाईल. मी त्याच्या अंगावर धावूनच गेले. "पुन्हा कर्णा? पुन्हा माझा आवाज? सगळ्या गोराईला सांगू का त्यांच्या बायकोचा पाट लागला म्हणून?" तो हळू म्हणाला, चुकलंच आपलं. आपलं म्हणाला, तुझं नाही म्हणाला. तेवढ्यावर रडू आलं.

आई म्हणाल्या, "रविवारी माका घेवन चल. कर्णो नको, मंडळ नको."

२ ऑक्टोबर, रविवार
आईंना घेऊन गोराईला गेले. होडीत त्या पदराला गाठ मारून बसलेल्या, पाण्याला भितात. पलीकडे वाळत घातलेले बोंबील, चर्चमधून परतणारी माणसं. जेट्टीच्या टोकाला एक पाठमोरा माणूस जाळ्यावर वाकलेला. तीच पाठ. नसेलही.

हाक मारायला तोंड उघडलं. कुठल्या नावाने? मोरेकाका? ते तर त्यांचं नावच नाही. सखाराम? त्या नावाला दचकूनच तर पळाले. सारखं बोलणारी बाई मी, आवाजच फुटेना. तेवढ्यात तो माणूस उठला आणि घरांच्या मधून आत गेला.

आई जेट्टीवर चहा-भज्यांच्या टपरीशी बसल्या. बरोबर आजचा पेपर आणला होता. म्हणाल्या, "लिव यावर. कडेक." मी पेनने कोऱ्या कडेवर लिहिलं, त्या सांगतील तसं, मालवणीत:

"धाकलो गेलो, दोन वर्सा झाली. ती दारात उबी रवता. सर्वपित्रीक तुमचा पान वाढूचा काय नाय, ता तुमीच सांगा. माका पेपर वाचून दाखवूक कोण नाय."

शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं. पेपरावर दगड ठेवला आणि तिथेच बसून राहिल्या, रोज दुपारी दारात बसतात तशा. कुणी आलं नाही. ओहोटी लागायला आली तशी होडीवाला ओरडायला लागला, निघालो.

होडी जरा लांब गेल्यावर वळून पाहिलं. दगड होता. पेपर नव्हता.

घरी येईपर्यंत आनंद. भाकरी थापताना डोक्यात आलं, टपरीवाल्याने भजी बांधायला घेतला असेल तर? मेला रद्दी बघून टपलेलाच होता. आईंना बोलून दाखवलं. म्हणाल्या, "शेवंताच्या आवशीक फोटो कशातून गावलो? साखरेच्या पुडीतून मा? मगे?"

५ ऑक्टोबर
काही नाही. मासेवालीला विचारलं. म्हणाली, चार दिवसांत दिसला नाही. आधी दिसलेला तरी तोच का? "मला काय माहीत ताई, मिशीवाले काय कमी आहेत?"

व.ला एका वर्कशॉपमध्ये काम मिळेलसं वाटतंय. जाताना विचारत होता, नलू, तुला काय वाटतं, तो जर्मन खरंच जिवंत असेल? म्हटलं, पुन्हा त्याचं नाव काढलंस तर डबा मिळणार नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार. सर्वपित्री
दुपारी बोर्डावर ट्रंक कॉल. कणकवली. खरखर, मग शेवंता. मागे पोस्टातला गलका.

"ताई, पानां वाढूची वेळ झाली. आवस चुलीकडे बसलीहा. काय सांगू तिका?"

माझ्याकडे सांगायला होतं काय? एक पाठ. एक दगड. पेपर नाही. खरं म्हणजे तेवढंच सांगायला पाहिजे होतं. पण तिकडे एक बाई हातात पळी धरून थांबलेली, आणि वाढायचं की नाही ते माझ्या तोंडातून निघणार. तेव्हाही माझ्याच तोंडातून निघालं होतं सगळं.

म्हटलं, "नका वाढू."
"गावले?"
"नका वाढू, शेवंता. सांग तिला, नलिनीने नको म्हटलंय."
"तुम्ही बघलंत तेंका? ताई? बोललेहत ते?"
वेळ संपली, लाइन तुटली. मी परत लावली नाही. लावता आली असती. बोर्डावर दुसरा दिवा पेटला, तो कॉल घेतला, साहेबांना जोडून दिला.

घरी आल्यावर आईंना सांगितलं. रागावतील वाटलं होतं. म्हणाल्या, "बरा केलंस." आणि मग, "खोटा ठरला तर?"
"तर माझं पाप."
"अर्धा माझा," म्हणाल्या.

व. त्यांना पेपर वाचून दाखवत होता. भराभर वाचतो, निधनवार्ता गाळतो, आई ओरडल्या त्याच्यावर. काकांच्या खोलीला मीच कुलूप लावलं होतं, शेवंता गेली त्या दिवशी. आज ते काढलं आणि नुसती बाहेरून कडी घातली.